गोमाजीचं जुनं गाणं

गोमाजी कोळ्याबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. आणि बोलतात सगळे चांगलंच. चेंदणीच्या कोळीवाड्यात विचारा, नाहीतर पालिकेच्या पाणीखात्यात विचारा, जिथे तो आता व्हॉल्व्ह फिरवायचं काम करतो. देवमाणूस म्हणतील. देवमाणसाशी मैत्री करून बघा एकदा, म्हणजे कळेल. आपल्या पुढ्यातलं ताट दुसऱ्याकडे सरकवून हा मोकळा होतो, आणि तळमळत बसतो आम्ही.

मी सुधीर, त्याच्या बँडमधला बास गिटारवाला. आमचा बँड तुम्ही ऐकलेला नाही. आमचं एक गाणं मात्र, ठाण्या-कल्याणकडच्या कुठल्याही हळदीला गेला असाल तर नक्की ऐकलंय, आणि तिथेच सगळी बोंब आहे.

आम्ही तिघं ठाण्यातल्या एका मराठी शाळेत होतो. एक्याऐंशी साली नववीत. तिसरा भगवान साळवे, कळव्याच्या चाळीतला. त्याचा आवाज असा की चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात लहानपणापासून त्याला माईकसमोर स्टुलावर उभं करायचे. शाळेच्या बँडपथकात मी बिगुल फुंकायचो, भगवान मोठा ढोल गळ्यात घालायचा आणि गोमाजीकडे साइड ड्रम. सव्वीस जानेवारीला संचलन चाललेलं, प्रमुख पाहुणे सलामी घेतायत, आणि गोमाजीच्या काड्या कधी हळदीच्या ठेक्यावर घसरल्या ते त्याचं त्यालाच कळलं नाही. भगवानने तो ठेका लगेच उचलला. मी बिगुलात हसलो, त्यातून म्हशीसारखा आवाज निघाला. आठवीच्या मुलींची रांग कंबरेतून डुलायला लागली. पीटीच्या सरांनी तिघांना ऑफिसबाहेर उभं केलं ते शाळा सुटेपर्यंत. पाय दुखायला लागले तेव्हा गोमाजी मला म्हणाला, "सुध्या, पण पोरी नाचल्या की नाय?" आमची मैत्री तिथून सुरू झाली.

रॉक आमच्याकडे डोंबिवलीहून आला. माझा आतेभाऊ तिथे एमआयडीसीत केमिकलच्या कारखान्यात होता, आणि त्याच्या मित्राने आखातातून इंग्रजी कॅसेटांची पिशवी भरून आणलेली. आम्ही रविवारी जाऊन त्या ऐकायचो. शब्द कुणालाच कळत नव्हते. भगवान ते आपल्या मनाने म्हणायचा, म्हणजे इंग्रजी वाटेल असं काहीतरी. गोमाजी मात्र पहिल्याच दिवशी टेपरेकॉर्डरला कान लावून बसला आणि म्हणाला, "हा एकटाच वाजवतोय? हात किती हायेत त्याला?"

दहावीला तो नापास झाला. पुढच्या वर्षी पुन्हा झाला. बोर्डावर यादी लागली की आम्ही वरून शोधायचो आणि तो खालून. हे तो हसत सांगायचा, पण एकदा मिठागराच्या कट्ट्यावर बसलेलो असताना हसला नाही. म्हणाला, "माझं नाव आजवर फक्त नापासांत लागलंय. एकदा चांगल्या कामाखाली छापून आलं पाहिजे. मग भले कायपण होऊदे." बास, एवढंच त्याला हवं होतं. गाडी नको, बंगला नको, चार अक्षरं छापून हवी होती.

पंच्याऐंशी साली बँड झाला. नाव ठेवलं 'ब्लॅक क्रीक', कारण आमच्या खाडीचं पाणी तोवर काळंच झालेलं. कळव्याच्या बाजूला मिठागराचं एक पडीक गोदाम होतं, तिथे सराव. गोमाजीचा ड्रमसेट बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राचा होता, त्याच्या एका ड्रमला कातड्याऐवजी एक्स-रेची फिल्म ताणलेली. माझे वडील एकदा बघायला आले. पाच मिनिटं ऐकून म्हणाले, "सुधीर, यात कष्ट दिसतात, पण संगीत कुठे आहे ते दाखवशील का?" आणि रुमालाने कपाळ पुसत निघून गेले.

संगीत कुठे आहे हे दाखवायला जागा तर हवी. ती मिळाली नाही. डोंबिवलीच्या एका गणेशोत्सवात नवोदितांसाठी अर्धा तास दिला. पहिलं गाणं संपलं तसे मंडळाचे कार्यवाह प्रसादाचा द्रोण घेऊन स्टेजवर आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "छान चाललंय. आता जरा जुनी सिनेमातली घ्या." कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्या वेळी वीज गेली आणि आमच्यानंतरच्या मिमिक्रीवाल्याच्या वेळी आली. एका हॉलवाल्याने तर आधीच सांगितलं की आमच्या पंख्यांना हादरे चालत नाहीत. शेवटी झक मारत आम्ही लग्नसराईत बँजो पार्टीत वाजवायला लागलो. बँजो पार्टी म्हणजे तारांचा बँजो, कीबोर्ड, ढोल-ताशा, कर्णे लावलेली हातगाडी, आणि पुढे नाचणारी वरात. मी, जो घरी बसून परदेशी बास गिटारवाल्यांची बोटं ऐकून ऐकून शिकलो, तो विटाव्यापासून बाळकुमपर्यंत हातगाडीमागे चालत होतो. गोमाजी खूश होता. तो कुठेही खूश असायचा, हाच तर त्याचा दोष.

आता गाण्याचं सांगतो. गोमाजीचे वडील, दाजी, यांची होडी होती. खाडीत गाळ साचत गेला, मासळी मेली, आणि ओहोटीला होडी तासन् तास चिखलात रुतून बसायला लागली. एकदा संध्याकाळी दाजी त्या रुतलेल्या होडीत एकटेच बसून होते, पाणी चढायची वाट बघत, आणि गोमाजी काठावरून त्यांना बघत होता. दुसऱ्या दिवशी गोदामात येऊन त्याने ड्रमवर एक जड, ओढत नेणारा ठेका धरला आणि स्वतःच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला,

चिखलान रुतली होरी, माजे बाय,
पानी येल कवा गो, पानी येल कवा.

भगवानने गिटारवर त्याखाली तीन सूर लावले, मी बास लावला. आणि मी सांगतो, त्या गोदामात माझ्या अंगावर काटा आला. तोवर आम्ही लोकांची नक्कल करत होतो. हे आमचं होतं. गोमाजीने कागदावर एक अक्षर लिहिलं नाही, तीन कडवी तशीच डोक्यात केली. मग भगवान त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "गोम्या, कॅसेट निघाली ना, की ह्या गाण्याखाली तुझं नाव." गोमाजी लाजला.

इथवर सगळं ठीक होतं. पण अठ्ठ्याऐंशीत त्याच्या बहिणीचं, शेवंतीचं, लग्न निघालं.

गोमाजीची आई आवडाबाई धवलारीण. म्हणजे लग्नात मांडवात बसून विधींची गाणी, धवले, म्हणणारी बाई. ब्राह्मण नसला तरी चालेल पण धवलारीण हवी, असा तिकडे मान. आवडामावशीला खाडीच्या दोन्ही काठांवरून बोलावणी यायची. घरात ती मासे साफ करताना गोमाजी ते होडीचं गाणं गुणगुणायचा, ते तिच्या कानात बसलं. शेवंतीच्या हळदीला तिने ते मांडवात म्हटलं. नवऱ्याची होडी चिखलात अडकली, पाणी कधी चढेल आणि वऱ्हाड कधी येईल, असं बायकांनी ते घेतलं. सगळ्या बायका मागून म्हणायला लागल्या. गाणं संपल्यावर पलीकडच्या वऱ्हाडातल्या एकीने विचारलं, कुणाचं गं हे? आवडामावशी म्हणाली, "जुना हाय."

मी तिथेच केळीच्या खांबाला टेकून उभा होतो. मी गोमाजीकडे बघितलं. त्याचा चेहरा फुललेला. "सुध्या, आयेनं मांडवान घेतला. तिनं जुना म्हटला," असं मला हलवून हलवून सांगत होता. मग त्याने मला समजावलं की मांडवात कुठलीच धवलारीण गाणं आपलं म्हणून सांगत नाही, आपल्या पोराचं म्हणून तर नाहीच नाही. तसं सांगणारीला बायका नावं ठेवतात, चढली म्हणतात, आणि हळदीच्या अंगाला दृष्ट लागते ती वेगळीच. जुनं म्हटलं की गाण्याला मांडवात पाट मिळाला. मला तेव्हाच राग यायला हवा होता, पण बिर्ड्याची उसळ चांगली झालेली आणि मी जेवत बसलो.

तीन-चार लग्नसराया गेल्या. गाणं विटाव्याला गेलं, दिव्याला गेलं, भिवंडीकडे गेलं. बायका त्यात आपापली कडवी घालू लागल्या. आणि आम्ही मात्र होतो तिथेच. भगवानचे वडील, बाबुराव, गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेले. भुसावळला रेल्वेत एका ओळखीच्या माणसाकडे त्यांनी शब्द टाकला होता. भगवानला त्यांनी सांगून ठेवलं, "दिवाळीपर्यंत तुझं गाण्याचं काय ते बघ. नंतर बॅग भरायची." ही गोष्ट ब्याण्णवची. भगवान तेव्हा पंचवीस वर्षांचा होता आणि त्याच्यापेक्षा चांगला गाणारा मी आजवर ऐकलेला नाही.

तेव्हा कल्याणच्या विश्रामभाईंनी आम्हाला बोलावलं. स्टेशनजवळ त्यांची कॅसेट कंपनी, खाली दुकान, वर रेकॉर्डिंगची खोली. भजनं, कोळीगीतं, भीमगीतं, सगळं काढायचे. भगवानला त्यांनी कळव्याच्या एका जयंतीत ऐकलेलं. आम्ही आमची आठ गाणी वाजवून दाखवली. सात गाण्यांना ते पान चघळत राहिले. होडीच्या गाण्याला त्यांचं तोंड थांबलं. म्हणाले, "ये अच्छा है. याला बायकांचा कोरस पाहिजे. खऱ्या कोळणी आणा, गुरुवारी टेप करून बघू."

गुरुवारी टेम्पो भरून बायका आल्या. नऊवारी, अबोलीचे गजरे, हसणं-खिदळणं. पुढे आवडामावशी. भिंतींना गोधड्या ठोकलेली ती खोली बायकांनी भरून गेली. भगवान गायला, मी वाजवलं, गोमाजीने तो ओढता ठेका धरला आणि मागून बायकांनी 'पानी येल कवा' उचललं. काच असलेल्या खिडकीपलीकडे रेकॉर्डिस्ट खुर्चीतून उठून उभा राहिला. मला वाटलं, झालं, आता झालं. शाळेपासूनचं सगळं वसूल झालं.

विश्रामभाई आत आले. खूश होते. साधंच विचारलं त्यांनी, "मावशी, फार गोड गाणं. कुणी केलं?"

आवडामावशीने पदर सारखा केला. "जुना हाय. माजी आत्या म्हनायची हलदीला."

"माजी सासूबी म्हनायची," मागून कोरसातली सखुबाई म्हणाली. "वसईला."

सखुबाईच्या सासूला मरून तेव्हा पंधरा-वीस वर्षं झालेली. गाणं झालेलं जेमतेम सात वर्षांचं. आणि सखुबाई खोटं बोलत नव्हती हो, तिला खरंच तसं आठवत होतं. बाकीच्या बायका माना डोलवत होत्या. मी गोमाजीकडे बघितलं. तो ड्रमचा स्क्रू घट्ट करत होता, जो आधीच घट्ट होता. विश्रामभाई म्हणाले, "वा, म्हणजे पारंपरिक. मस्त. पुढच्या गुरुवारी लिखापढी करू." आणि चहा सांगायला गेले.

खाली रस्त्यावर मी त्याला धरला. "तुझी जीभ काय टेम्पोत राहिली?"

"आयेला खोटी पाडू? सगल्या बायांसमोर?"

"खोटी नाही पाडायची. नुसतं सांगायचं, माझं आहे."

"तेच ते झालं ना." तो शांतपणे म्हणाला. त्याच्या त्या शांतपणाला मी आजवर सर्वांत जास्त शिव्या घातल्या असतील.

तोडगा भगवानने काढला. तो म्हणाला, "हे बघ, आमच्या भीमगीतांत गाणं कुणाचं हा झगडाच नसतो. कवी शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालतो. गाणं कुठंपण जाऊदे, नाव संगती जातं. गोम्या, तू पण एक कडवं घाल नावाचं. कुणाला खोटं पाडायला नको, काय नको." मला ते एवढं पटलं की मी दोघांना तिथेच वडापाव खाऊ घातला. गोमाजीने आठवडाभर डोकं खाजवलं. बुधवारी गोदामात त्याने ते कडवं म्हणून दाखवलं:

दाजीचा गोमाजी बोलतो, माजे बाय,
पानी येल तवा गो, पानी येल तवा.

स्वतःचं नाव मोठ्याने गाण्यात घ्यायचं म्हणजे त्याला भर बाजारात शर्ट काढल्यासारखं होत होतं. पण म्हटलं त्याने, आणि म्हणून झाल्यावर हसला. "सुध्या, बरं वाटतंय रे," म्हणाला.

गुरुवारी आम्ही तिघंच गेलो. विश्रामभाईंनी कागद तयार ठेवलेले. भगवान म्हणाला, "शेठ, एक कडवं राहिलेलं, ते पण घ्यायचंय," आणि टेबलाशी बसल्या बसल्याच ते गाऊन दाखवलं.

विश्रामभाईंनी ऐकलं. मग म्हणाले, "हे नको. हा गोमाजी कोण? जुन्या गाण्यात हा मध्येच कुठून आला?"

"हा गोमाजी," मी बोट दाखवलं. "आणि गाणं जुनं नाही. ह्याने केलंय. सात वर्षांपूर्वी, आमच्यासमोर. सगळंच्या सगळं." माझा आवाज चढला होता. पुढे आणखी बरंच बोललो, दाजी, होडी, गोदाम, सगळं काढलं.

विश्रामभाईंनी मला बोलू दिलं. वाईट माणूस नव्हता तो, हेच वाईट. म्हणाले, "भाऊ, राग नको. पण त्या दिवशी त्याची आई बोलली, आणखी पंधरा बायका बोलल्या. मी भिवंडीला, दिव्याला विचारून घेतलं, तिकडे पण सगळे जुनंच म्हणतात. आता तुम्ही बोलता याचं आहे. ठीक आहे, समजा याचं आहे. मग मला नको. नव्या पोराचं कोळीगीत कोण घेणार? त्यासाठी नाववाले कवी पडलेत माझ्याकडे. जुनं आहे तर दुकानवाला डोळे मिटून घेतो. त्या जुन्यावर तुमची बाकीची धाडधाड पण खपवून देईन मी. म्हणून एकदा नक्की सांगा. जुनं आहे का याचं?"

खोलीत पंखा फिरत होता. गोमाजीने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने भगवानकडे बघितलं. भगवान खाली मान घालून गिटारच्या पट्ट्याशी चाळा करत होता, आणि दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली. तो एक शब्द बोलला नाही, त्याला मी दोष देत नाही. पण गोमाजीला तेवढं पुरलं.

"जुना हाय, शेठ," गोमाजी म्हणाला. "आमचे घरान चालत आलाय."

मी उठून खाली गेलो. रस्त्यापलीकडे नारळवाला होता, त्याच्याशी विनाकारण भांडलो. थोड्या वेळाने वरून हाक आली तेव्हा जाऊन सहीही केली, कारण बास गिटारवाल्याने सही केली नाही तर बँड होत नाही.

कॅसेट त्र्याण्णवच्या लग्नसराईआधी आली. तिच्यावर 'ब्लॅक क्रीक' हे नाव कुठेही नव्हतं. वर नारळाच्या झाडाखाली एक मुलगी, जी आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती, आणि ठळक अक्षरांत 'चिखलान रुतली होरी - भगवान साळवे आणि पार्टी'. आमची सात रॉकची गाणी कापून तीन उरलेली, ती दुसऱ्या बाजूला शेवटी. मी तर म्हणतो, ती ऐकलेला माणूस अजून जन्मायचाय. होडीचं गाणं मात्र धावलं. भगवानला कार्यक्रम मिळाले, भुसावळ टळलं. मग तो जो गाण्यात गुंतला तो आमच्याकडे परत आला नाही, येणार तरी कशाला. गोमाजी पाणीखात्यात लागला. मी एका खाजगी कंपनीत स्टोअर सांभाळायला लागलो. हे असलं आमचं रेकॉर्ड डील.

कॅसेट घेऊन मी कोळीवाड्यात गेलो तेव्हा आवडामावशी ओट्यावर बोंबील चिरत होती. हात ओले म्हणून मनगटाच्या मागच्या बाजूने तिने कॅसेट जवळ ओढली. "वाच," म्हणाली. मी वाचलं. भगवानचं नाव वाचलं, माझं वाचलं, वाजवणाऱ्यांत शेवटी गोमाजीचं वाचलं.

"त्यो वाजवतो ते ठाव हाय मना," ती म्हणाली. "गान्याखाली कोनाचा नाव हाय?"

"कुणाचं नाही. पारंपरिक लिहिलंय. म्हणजे जुनं, पूर्वापारचं."

तिने कॅसेट परत माझ्याकडे सरकवली. "पन गाना त त्यानं केलाय."

मला वाटलं माझ्या डोक्याची शीर तुटते की काय. "मावशी, मग त्या दिवशी हे का नाही सांगितलंत? त्या माणसाने सरळ विचारलं होतं तुम्हाला."

"एवढ्या बायांमधी आपले पोराचा सांगतान काय? तसा कोन सांगत नाय रे." तिला खरंच कळत नव्हतं की यात अवघड काय आहे. "आपुन नाय सांगितला तरी समोरच्यानं समजाया नको?"

मी तिला सगळं सांगितलं. गुरुवारचं, कडव्याचं, गोमाजी काय म्हणाला त्याचं. ती चिरायची थांबली. बोंबील तसेच ठेवून आत गेली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, कार्याला नेसायचं हिरवं लुगडं नेसून बाहेर आली आणि म्हणाली, "चल कल्यानला."

विश्रामभाईंनी तिला खुर्ची दिली, थंड मागवलं. ती खुर्चीत बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "शेठ, मी तवा खोटा बोल्ले. गाना माजे गोम्यानं केलाय. आत्या-बित्या कोन म्हनत नव्हती. त्याचा नाव घाला."

विश्रामभाई हसले. चांगलं हसले, मायेने. "मावशी, आई आहात तुम्ही. प्रत्येक आईला सगळं आपल्या पोराचंच वाटतं. माझी आई पण म्हणायची, हे दुकान माझ्या विश्रामनेच काढलं. काढलं होतं माझ्या आजोबांनी." आणि तिच्या हातात दोन कॅसेटा भेट म्हणून ठेवल्या. ती खोटं बोलली तेव्हा त्यांनी ते शब्दाशब्दाने छापलं, आणि खरं बोलली तेव्हा थंड पाजून पाठवलं. जिना उतरताना तिने एकदाच विचारलं, "आता कोनाला सांगाचा?"

त्याच वर्षी मे महिन्यात बाळकुमला एक लग्न होतं. मांडवात बायका होडीच्या गाण्यावर आल्या. आवडामावशीने पहिली ओळ म्हटली आणि हात वर करून सगळ्यांना थांबवलं. कुठली धवलारीण असं करत नाही. हळदीच्या पाटावर नवरी ओलीचिंब बसलेली, आणि ही म्हणाली, "यो गाना माजे गोम्यानं केलाय. आयकून ठेवा."

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळ्या हसल्या. "आवडे, पोराला किती चढवशील गो," सखुबाई म्हणाली. "माजे सासूचा गाना तो." एक तरुण पोरगी तिला समजुतीने म्हणाली, "आजी, ते जुनं आहे, कॅसेटवर पण लिहिलंय."

गोमाजी मांडवाच्या तोंडाशी ढोल घेऊन उभा होता, मी त्याच्या शेजारी. मी त्याला कोपर मारलं. आता तरी बोल, म्हटलं. आवडामावशी त्याच्याकडेच बघत होती, तोही तिच्याकडे बघत होता, आणि पाटावरची नवरी ओल्या अंगाला खाडीचा वारा लागून कुडकुडायला लागलेली.

"म्हन, आये, पुढं," गोमाजी म्हणाला, आणि त्याने ठेका धरला.